उरलेले नऊ चिंचोके

तिच्यासमोर मी सोळा चिंचोके मोजून ठेवले आणि वहीच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं, १६. मग सहावर बोट ठेवून म्हटलं, "हा सहा यातले कोणते चिंचोके सांगतो, ते बाजूला काढ." तिनं सहा मोजून उजवीकडे सरकवले. मी एकावर बोट ठेवलं. "आणि हा?" तिनं एक चिंचोका उचलून डावीकडे ठेवला. मधे नऊ उरले.

"मग हे कशाचे?"

तिनं आकड्याकडे पाहिलं, चिंचोक्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "हे असेच आहेत, मॅडम."

मुलगी तिसरीतली. आदल्याच आठवड्यात मी चाचणी घेतली होती. ३७ मध्ये दशक किती? ३. एकक किती? ७. विस्तारित रूप? ३० + ७. तिला दहापैकी दहा गुण होते आणि खाली मी लाल पेनानं 'छान' लिहिलं होतं.

चाळीसगाव तालुक्यातली आमची शाळा दोन शिक्षकांची. माझ्याकडे दुसरी आणि तिसरी मिळून एकोणीस मुलं. त्या दुपारी मी एकेकाला टेबलापाशी बोलावून हेच विचारलं. पाच जणांनी एकासाठी दहा चिंचोके बाजूला काढले. चौदा जणांचे नऊ-नऊ चिंचोके तसेच मधे पडून राहिले. त्यांना त्यात काही चुकल्यासारखंही वाटलं नाही.

घरी जाताना बसमध्ये मी माझंच शिकवणं आठवत होते. फळ्यावर दोन घरं आखायची, एकावर 'द', दुसऱ्यावर 'ए' लिहायचं. डावीकडचा अंक 'द'खाली, उजवीकडचा 'ए'खाली. मुलं हे दोन दिवसांत शिकतात, कारण यात संख्येचा विचारच करावा लागत नाही. टपाल खात्यात पत्रं लावावीत तसे अंक घरात टाकायचे. दशक म्हणजे दहा, हे त्यांना पाठ होतं. पण त्या ३ मध्ये तीस वस्तू बसल्या आहेत, हे कुणी कधी डोळ्यांनी पाहिलंच नव्हतं. मी दाखवलं नव्हतं.

हे जूनअखेरचं. पुढचे काही महिने जे केलं, ते इथे लिहिते आहे.

पहिल्यांदा घरं आखणं बंद केलं. दुसऱ्या दिवशी मुलांना खराट्याच्या काड्या आणायला सांगितल्या. आधी पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, काड्या आणून पाहिल्या होत्या, आमच्याकडे त्या रग्गड. पण त्या वेड्यावाकड्या आणि जाड, दहा एकत्र धरल्या की लहान मुलाच्या मुठीत मावत नाहीत. खराट्याच्या काड्या बोटभर लांबीच्या तोडल्या. गावातल्या सायकलवाल्याकडून फाटक्या ट्यूब आणल्या आणि कात्रीनं त्यांच्या बारीक रिंगा कापल्या. रबरबँड दोन दिवसांत तुटतात, ट्यूबची रिंग वर्ष काढते.

चिंचोके मी मुद्दाम बाजूला ठेवले. दहा चिंचोके पुरचुंडीत बांधले की आत किती आहेत ते दिसत नाही, मुलाला मॅडमवर विश्वास ठेवावा लागतो. काड्यांचा गठ्ठा बांधला तरी दहाच्या दहा टोकं समोर असतात. वाटलं तर मोजून घे. पहिल्या आठवड्यात मुलं खरंच मोजत होती, प्रत्येक गठ्ठा, प्रत्येक वेळी. तेवीस काड्या दाखव म्हटलं की दोन गठ्ठे उचलून पुन्हा एकपासून वीसपर्यंत मोजायची आणि मग तीन सुट्या. मी थांबवलं नाही. आठ-दहा दिवसांनी एकेकाचं मोजणं आपोआप थांबलं. "दहा, वीस, आणि एक, दोन, तीन." ज्या दिवशी मूल गठ्ठा न मोजता 'दहा' म्हणतं, तो दिवस मी प्रत्येकाच्या नावापुढे वहीत लिहून ठेवला आहे. माझ्या मते स्थानिक किंमत त्या दिवशी सुरू होते. फळ्यावरची घरं त्यानंतरची.

नोटांचं बरेच जण सुचवतात. खेळण्यातल्या एकच्या, दहाच्या, शंभरच्या नोटा मीही वापरते, पण नंतर. दहाची एक नोट फाडली तर आतून एकचे दहा तुकडे निघत नाहीत. तिची किंमत दहा आहे हे सगळ्यांनी मानलेलं असतं. गठ्ठ्यात मात्र दहा खरोखर असतात. आधी जे खरोखर आहे ते हातात द्यावं, जे मानायचं आहे ते मागून यावं. आणि शेवटची पायरी तर आणखी अवघड असते. तोच अंक, तेवढाच आकार, नुसती जागा बदलली की दसपट. हे माणसानं शोधून काढायला शतकं लागली, आपण ते सहा-सात वर्षांच्या मुलाला एका तासिकेत देऊ पाहतो.

दरम्यान मी संख्यांचं श्रुतलेखन घेतलं. ते तपासायला बसले तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं की मुलं चुकतात कशी. 'एकशे पाच'ला अकरा जणांनी १००५ लिहिलं होतं. 'दोनशे चौदा'ला २००१४. आधी मी यावर फुली मारून पुढे जात असे. त्या दिवशी फुली मारायला हात उचलेना. मी एकशे म्हटलं, त्यांनी १०० लिहिलं. मी पाच म्हटलं, त्यांनी ५ लिहिला. कानाला जे ऐकू आलं ते सगळं कागदावर होतं. मुलं निष्काळजी नव्हती, फार नीट ऐकत होती.

'पंचवीस' लिहिताना मात्र वही न पाहता हात पाहावा. मी पाहिला. कितीतरी मुलं आधी ५ लिहितात, डावीकडे थोडी जागा सोडून, आणि मग मागे येऊन २ लिहितात. उत्तर बरोबर दिसतं. घाईत जागा सोडायची राहिली की ५२ होतं. आपल्या भाषेत एकक आधी बोललं जातं आणि लिहिताना शेवटी येतं. शंभराच्या पुढे तर आणखीच. 'एकशे पंचवीस' बोलताना क्रम येतो एक, पाच, दोन. लिहायचं असतं एक, दोन, पाच. आपण मोठी माणसं हे रोज करतो म्हणून त्यातली उडी जाणवत नाही.

आणि एकोणतीस. 'तीस' ऐकू येतं म्हणून ३ लिहितात, नवाचा आकडा आहे एवढं आठवतं म्हणून ९. झाले ३९. एकोण म्हणजे एक ऊन, एकनं कमी, हे मी काड्यांवरच दाखवलं. तीन पूर्ण गठ्ठे घ्या, एक काडी काढून घ्या. गठ्ठा सैल पडतो, रिंग सुटते. "तीसला एक कमी पडली म्हणून एकोणतीस." मग एकोणचाळीस, एकोणपन्नास मुलांनीच सांगितलं. नव्याण्णवपाशी नियम मोडतो, तेही त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी ते हसून मान्य केलं.

यावरून २०१९ साली आपल्याकडे मोठा वाद झाला होता, तो आठवत असेल. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसबरोबर 'वीस एक', बावीसबरोबर 'वीस दोन' असं वाचन आलं. जोडाक्षरांमुळे आणि उलट्या क्रमामुळे लहान मुलांना आकडे अवघड जातात, असं गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर सांगत होत्या. भाषा बिघडेल म्हणून पुष्कळांनी विरोध केला. माझ्या वर्गात घरी अहिराणी बोलणारी मुलं आहेत, बंजारा तांड्यावरची गोरमाटी बोलणारी आहेत. त्यांच्यासाठी त्रेसष्ट हा शब्दच नवा असतो. मी दोन्ही म्हणते. काड्या उचलताना 'साठ तीन', लगेच मागून 'त्रेसष्ट'. सहा गठ्ठे उचलताना साठ, तीन सुट्या उचलताना तीन. दिवाळीपर्यंत 'साठ तीन' आपोआप गळून पडलं, त्रेसष्ट राहिलं. आपली संख्यानामं मला जिवापाड आवडतात, आणि म्हणूनच ती मुलाला समजून यावीत असं वाटतं.

सप्टेंबरमध्ये वजाबाकी आली. ५२ वजा २७. फळ्यावर बहुतेकांनी ३५ काढले. दोनातून सात जात नाहीत, मग सातातून दोन घालवले. हे दरवर्षी होतं, आणि दरवर्षी मी म्हणत असे, "शेजाऱ्याकडून एक उसना घे." या वेळी काही बोलले नाही. पाच गठ्ठे आणि दोन काड्या समोर ठेवल्या आणि म्हटलं, यातून सत्तावीस मला दे.

चिंचोक्यांवाली ती मुलगी समोर बसली होती. तिनं आधी दोन गठ्ठे माझ्या हातात दिले. मग सात सुट्या द्यायला गेली तर तिच्याकडे दोनच. ती थांबली. राहिलेल्या तीन गठ्ठ्यांवर हात फिरवला. मग म्हणाली, "मॅडम, याचे सुटे करू?"

हा शब्द मी दिला नव्हता. तांड्यावरच्या दुकानात तिची आई तिला नोट देऊन सुटे आणायला पाठवते, तिथून तो आला. तिनं रिंग काढली, दहा काड्या सतरंजीवर पसरल्या, आधीच्या दोन त्यात मिसळल्या. बारा झाल्या. सात मोजून मला दिल्या. तिच्याकडे दोन गठ्ठे आणि पाच काड्या. पंचवीस. मग तिनंच फळ्यावर जाऊन ५२ लिहिले, पाचावर रेघ मारून वर ४ लिहिला, दोनावर रेघ मारून वर १२. तोवर ती चिन्हं माझी होती. आता तिची झाली.

तेव्हापासून मी 'उसना' म्हणत नाही. उसनं घेतलेलं परत द्यावं लागतं, आणि शेजाऱ्याकडून एक आलेला नसतो, दहा आलेले असतात. आम्ही 'सुटे करणं' म्हणतो. बेरजेत उलट होतं, तिथे 'गठ्ठा बांधणं' म्हणतो. हातचा हा शब्द मुलांनी घरून ऐकलेला असतोच, तो गठ्ठ्याला चिकटवून दिला की पुरे.

या सगळ्याच्या बाजूला एक गोष्ट रोज चालली होती. शाळा उघडेल त्या दिवशी एक काडी. खिडकीत तीन डबे ठेवले होते. उजवीकडच्या डब्यात रोज एक सुटी काडी पडायची आणि एक मूल शेजारच्या पाटीवर त्या दिवसाचा आकडा लिहायचं. दहा झाल्या की रिंग लावून गठ्ठा मधल्या डब्यात. डावीकडचा डबा रिकामा. मुलं विचारायची, तो कशाला? मी म्हणायचे, कळेल.

नव्याण्णवाव्या दिवशी मधल्या डब्यात नऊ गठ्ठे आणि उजव्या डब्यात नऊ काड्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी परिपाठ झाल्यावर कुणी जागेवर बसायला तयार नव्हतं, सगळे खिडकीपाशी. एका दुसरीतल्या मुलानं काडी टाकली. "दहा झाल्या!" रिंग लागली. गठ्ठा मधल्या डब्यात गेला. क्षणभर शांतता. मग मागून कुणीतरी ओरडलं, "गठ्ठे पण दहा झाले!" मी सुतळी दिली. दहा गठ्ठ्यांचा एक जुडगा बांधून त्यांनी डाव्या डब्यात उभा केला. एका काडीनं दोन गाठी बसल्या होत्या.

आता पाटीवर लिहायचं होतं. मधला डबा रिकामा, उजवा रिकामा. ज्याची पाळी होती त्यानं १ लिहिला आणि थांबला. मग उजव्या डब्यात वाकून पाहिलं, मधल्या डब्यात वाकून पाहिलं आणि दोन शून्यं लिहिली. प्रत्येक शून्य लिहिताना त्या त्या डब्याकडे बोट करून म्हणाला, "इथे कोणी नाही. इथे पण कोणी नाही." मी हे वाक्य तसंच्या तसं भिंतीवर लिहून ठेवलं आहे. मला शून्य इतक्या नीट कुणी समजावून सांगितलेलं आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी एकशे एक. आणि पाटीवर पुन्हा १००१. सगळं पाहूनही हात ऐकल्याप्रमाणेच चालला. तेव्हा मी कार्डं काढली. जुन्या लग्नपत्रिकांची केली होती. शंभराचं कार्ड तीन बोटं लांब, त्यावर १००. दहाची कार्डं दोन बोटं, १० ते ९०. एककाची एक बोट, १ ते ९. मुलानं १०० आणि १ शेजारी ठेवले, तेच १००१. मी म्हटलं, उजव्या कडा जुळवून एक वर ठेव. त्यानं १ चं कार्ड शंभराच्या शेवटच्या शून्यावर ठेवलं. १०१ दिसलं. त्यानं कार्ड उचललं, खाली शून्य. ठेवलं, १०१. उचललं, शून्य. पाच-सहा वेळा तेच करत राहिला. "मॅडम, शून्य खाली दडलंय." त्या दिवसानंतर १००५ माझ्या वर्गात फारसं दिसलं नाही. दिसलंच तर मी एवढंच विचारते, "खाली काय दडलंय?" आणि मूल स्वतःच खोडरबर घेतं.

दिवाळीनंतर तिसरीची मुलं हजारात गेली. तिथे एका मुलानं मलाच अडवलं. मी विचारलं होतं, १२०० मध्ये शतकं किती? उत्तरसूचीत २ होतं. तो म्हणाला, बारा. मी म्हटलं, नीट बघ, शतकाच्या जागी काय आहे? तो म्हणाला, "दोन आहे, पण शतकं बारा आहेत. बाराशे." त्याचे वडील कापूस विकून आल्यावर घरात पैसे मोजतात, शंभराच्या नोटांच्या चळती करून. बारा नोटा म्हणजे बाराशे, यात त्याला शंका नव्हती. त्याचं बरोबर होतं. शतकस्थानी अंक २ आहे, आणि १२०० मध्ये शतकं बारा आहेत. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि मी कितीतरी वर्षं ते एकच समजून विचारत होते. आपली भाषा तर बाराशे, पंधराशे, पंचवीसशे असं सर्रास बोलते. ज्या मुलाला हजारातले दहा शेकडे दिसतात त्याला पुढे १२०० भागिले १०० शिकवावं लागत नाही. त्या दिवसापासून प्रश्नपत्रिकेत मी दोन्ही प्रश्न स्वतंत्र लिहिते.

डिसेंबरात सहल पाटणादेवीला गेली, आम्हाला ती जवळच. तिथल्या मंदिरात शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापला, त्याची ही नोंद. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या 'लीलावती'त स्थानांची नावं आहेत, एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष असं करत परार्धापर्यंत अठरा. प्रत्येक आधीच्याच्या दसपट. आणि श्लोकाच्या शेवटी म्हटलंय, 'संख्यायाः स्थानानां व्यवहारार्थं कृताः पूर्वैः'. संख्येच्या स्थानांची ही नावं आधीच्या लोकांनी व्यवहारासाठी केली. मी तिथे मुलांना अठराही नावं म्हणून दाखवली. त्यांना 'निखर्व' फार आवडलं, परतीच्या वाटेवर बसमध्ये तेच चाललं होतं. मला 'व्यवहारार्थं' हा शब्द घेऊन घरी यावंसं वाटलं.

चिंचोक्यांवाली मुलगी त्या सहलीला नव्हती. शंभरावा दिवस पाहून आठवड्याभरात तिच्या आईवडिलांची टोळी ऊसतोडीला गेली आणि तीही गेली. दरवर्षी जाते. टोळीच्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल, फेडलेले दिवस, राहिलेली बाकी, सगळं एका वहीत असतं, आणि ती वही वाचू शकणारं त्यांच्या घरात कुणी नाही. तिथे एक शून्य इकडचं तिकडे झालं तर काय होतं, हे मला तांड्यावरच्या बायांनी सांगितलं आहे. जाताना मी तिला कार्डांचा एक संच दिला. पत्रिकांचाच, दोऱ्यानं बांधलेला.

ती एप्रिलमध्ये परत आली. उन्हानं काळवंडलेली, केस तांबूस झालेले. कार्डांचा संच आणला होता, त्यातलं ७० चं कार्ड हरवलं होतं, त्याजागी वहीच्या पुठ्ठ्याचं स्वतः करून आणलं होतं, अगदी दोन बोटं लांब. आणि दप्तरातून तिनं एक चुरगळलेला कागद काढला. काट्यावरची वजनपावती, गाडीच्या उसाची. त्यावर छापलं होतं १२.४५०.

"बारा वाचता आलं, मॅडम. चारशे पन्नास पण आलं. मी बाबाला वाचून दाखवलं." मग तिनं त्या दोन्हींच्या मधे नख टेकवलं. "पण हा टिंब काय आहे? याच्या इकडे पण डबे असतात का?"

मी खिडकीतले तीन डबे उतरवले आणि आम्ही दोघी सतरंजीवर बसलो.